कोयत्याने लाकडं फोडताना: वाचकांचे प्रश्न

आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली की जळणाची पत्रं सुरू होतात. मृगाच्या आत लाकडं फोडून, वाळवून मांगरात रचली गेली पाहिजेत, आणि पुष्कळ घरांत आता कुऱ्हाड चालवणारा माणूस उरलेला नाही. कोयता मात्र घरोघर आहे. यंदाच्या बहुतेक पत्रांत त्याच कोयत्याबद्दल विचारलं आहे, म्हणून हे पानही त्यालाच दिलं आहे.

प्रश्न (गुहागर): घरी आम्ही दोघंच, दोघंही साठीच्या पुढचे. कुऱ्हाड उगारणं आता झेपत नाही. कोयता लाकडावर टेकवून वरून दांडक्याने ठोकत लाकूड फोडता येतं असं ऐकलं. पण आमच्या कोयत्याला पुढे चांगला बाक आहे. बाकदार पात्याने हे जमेल का? नेमकं कसं करायचं?

उत्तर: जमेल. मात्र लाकूड फार तर १० सेंमी जाड असावं आणि लांबीला ३० ते ३५ सेंमी. त्याहून जाड ओंडक्याला घण आणि लोखंडी पाचर हवी, तिथे कोयत्याचा हट्ट धरू नका. या पद्धतीत कोयता उगारायचाच नसतो. धार लाकडाच्या माथ्यावर टेकलेली असते आणि जोर फक्त सोट्याचा. त्यामुळे नेम चुकून पायावर घाव बसण्याची भीती कुऱ्हाडीपेक्षा बरीच कमी होते. तुमच्या वयाला ही पद्धत योग्यच आहे.

आधी कोयता तपासा. कवळ, म्हणजे पाल्याच्या बारीक फांद्या, तोडायची हलकी कोयती यासाठी घेऊ नका. तिची पाठ, म्हणजे धारेच्या उलट बाजूची कड, ३ मिमीच्या आसपास असते, आणि ठोकायला लागलं की पातं वाकतं नाही तर मूठ हलते. पाठ ५ ते ६ मिमी जाड हवी. मग मुठीपासून बाक सुरू होईपर्यंतचा जवळजवळ सरळ भाग मोजा. लाकडाच्या जाडीपेक्षा तो निदान ४ सेंमी जास्त भरला पाहिजे. म्हणजे सरळ भाग १२ सेंमी असेल तर ८ सेंमीपर्यंतचंच लाकूड घ्यायचं. बाकदार कोयत्याची सगळी गोम या मापात आहे. लाकूड जाड असलं की बाकाची चोच माथ्यावर सगळ्यात आधी टेकते आणि खिळ्यासारखी आत रुतते, मागचा भाग अधांतरी राहतो. मग ठोका कुठेही मारा, पातं तिरकं होतं. लाकूड मापात असलं तर चोच लाकडाच्या पलीकडे मोकळी लोंबते आणि आड येत नाही.

बाकाचा एक फायदाही आहे. धार आतल्या बाजूला किंचित खोलगट असल्याने ती माथ्याच्या दोन्ही कडांवर, सालीजवळ, आधी टेकते आणि लाकूड त्या खोलगटीत धरलं जातं, पुढे-मागे निसटत नाही. उलट बाकाची, म्हणजे पोट सुटलेली सुरी मधल्या एकाच जागी टेकते आणि पहिल्या ठोक्याला डुलते.

सोटा लाकडीच हवा. पेरूची किंवा आकेशियाची ओली फांदी, ३५ ते ४० सेंमी लांब, ५ ते ६ सेंमी जाड, आणि हातात धरायचा भाग थोडा तासून बारीक केलेला. वजन पाऊण किलोच्या आसपास असलं की पुरे. त्याहून जड सोट्याने मनगट दुखतं आणि ठोका भलतीकडे बसतो. सोटा झिजणारच, हंगामात दोन-तीन लागतील असं धरून चाला.

खाली ठोकळा हवा, आंब्याच्या बुंध्याचा असला तर उत्तम, ३० सेंमी उंच आणि ३५ ते ४० सेंमी रुंद. जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा खळ्यातल्या सिमेंटवर लाकूड उभं करू नका. लाकूड फुटून पातं खाली येतं तेव्हा सगळ्यात आधी चोच आपटते आणि दगडावर तिचं टोक उडतं. ठोकळा रुंद सांगितला तो याचसाठी, की लाकडाबाहेर आलेली चोचसुद्धा लाकडावरच उतरावी. चोच नेहमी अंगापासून लांब, समोरच्या बाजूला ठेवायची.

बसण्याची तऱ्हा महत्त्वाची आहे. उकिडवं बसून दोन पायांच्या मध्ये लाकूड धरायची सवय पुष्कळांना असते, ती सोडा. एक गुडघा जमिनीला टेकवा, ठोकळा समोर हातभर अंतरावर ठेवा, आणि पातं सरळ खाली सुटलं तर ते ठोकळ्यावरच पडेल ना, हे एकदा रिकाम्या हाताने करून पाहा. डावा हात मुठीवर, उजवा सोट्यावर. लाकूड हाताने धरायचं नाही. ते स्वतःहून उभं राहत नसेल तर बूड करवतीने सरळ कापून घ्या. डोळ्यांना साधा चष्मा हवा, कारण सुक्या लाकडाची ढलपी उडते ती नेमकी तोंडाकडे येते. पोरंटोरं आणि कोंबड्या दोन-तीन मीटर लांब.

आता लाकडाचा माथा नीट न्याहाळा. वाळताना गाभ्यापासून सालीकडे गेलेला एखादा तडा दिसेल. धार त्या तड्यावर ठेवा. लाकूड आपणहून जिथे फुटायला तयार आहे, तिथेच त्याला फोडायचं. पहिला ठोका हलका, धार २-३ मिमी रुतेल इतकाच. पातं आडवं बसलंय ना, ते पाहा. मग पाठीवर, बरोबर लाकडाच्या वर, दोन-तीन भरीव ठोके द्या. पातं आत गेलं आणि पाठ माथ्याच्या खाली उतरली की सोट्याला मधली जागा उरत नाही. तेव्हा पलीकडे बाहेर आलेल्या पात्यावर ठोकायचं, पण लाकडाला लागून, बोट-दोन बोटांच्या आत. थेट चोचीच्या पाठीवर मारलं तर पातं पुढे झुकतं आणि मूठ उसळते. बाहेरच्या भागावर प्रत्येक ठोका देताना डाव्या हाताने मूठ खाली दाबून धरा, म्हणजे पातं समतल उतरत राहतं. मुठीजवळ मात्र कधीच ठोकू नका. शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडाची धातूची कडी, सैल होते ती तिथल्याच ठोक्यांनी.

साधारण तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला आवाज बदलतो. ‘ठक्’ जाऊन ‘फट्’ असा मोकळा आवाज येतो आणि चीर पात्याच्या पुढे धावू लागते. तिथून जोर अर्धा करा. उरलेलं काम पात्याच्या जाडीनेच होतं.

प्रश्न (दापोली): पातं मध्यावर ठेवलं तरी चीर दरवेळी एका बाजूला पळते. एक फाळका जाड आणि दुसरा खाली निमुळता होत संपतो. कोयत्यात दोष आहे का?

उत्तर: दोन कारणं असू शकतात. पहिलं, धार. ती एकाच बाजूने घासलेली असेल तर उताराची बाजू लाकडाला ढकलते आणि पातं सपाट बाजूकडे सरकतं. फोडायच्या कोयत्याला धार दोन्ही बाजूंनी सारखी हवी.

दुसरं कारण लाकडातच आहे. चीर नेहमी कमजोर, म्हणजे बारीक बाजूकडे वळते, कारण ती बाजू जास्त वाकते. सुरुवातीला मध्यापासून बोटभर चुकलात तरी खाली जाईपर्यंत ती चूक वाढत जाते. चीर वळताना दिसली की ठोकणं थांबवा. लाकूड ठोकळ्यावर आडवं टाका, बारीक बाजू खाली दाबून धरा आणि जाड फाळक्याला हाताने किंवा पाचरीने वाकवा. जी बाजू वाकते तिकडे चीर येते. बुरूड कामट्या काढताना हेच करतात: कामटी एका बाजूला पातळ होऊ लागली की जाड बाजू वाकवून चीर पुन्हा मध्यावर आणतात.

लाकडाला पीळ असेल, सालीवरच्या रेघा मळसूत्रासारख्या फिरत गेलेल्या दिसत असतील, तर चीरही पीळ घेतच जाणार. असं लाकूड मधोमध फोडायच्या भानगडीत पडू नका. कडेकडेने अंगठ्याएवढे ढलपे काढत आत जा, गाभा शेवटी उरेल तो तसाच चुलीत घाला. गाठ असेल तर गाठीचं टोक खाली ठेवून बिनगाठीच्या टोकाकडून सुरुवात करा. चीर गाठीशी पोचेपर्यंत लाकूड बरंच उघडलेलं असतं आणि पाचर घालायला जागा मिळते.

प्रश्न (देवगड): मध्येच कोयता अडकला. सोट्याने हलेना म्हणून पाठीवर हातोडी मारली. पाठीची कड चेपून बाहेर आली आणि धारेचा एक तुकडाही उडाला. कोयता फुकट गेला का?

उत्तर: फुकट गेलेला नाही, पण यापुढे पाठीवर लोखंड लावू नका. लोखंडी हातोडीने पाठ फुलते. ती फुललेली कड पुढच्या कुठल्याही ठोक्याला तुटून उडू शकते, आणि ती डोळ्यात गेली तर डोळा जातो. आधी ती कड कानशीने घासून पाठ गुळगुळीत करा. धारेतला दात २-३ मिमीपर्यंत असेल तर सगळी धार मागे घेत कानशीने काढता येईल. त्याहून खोल असेल तर लोहाराकडे न्या.

अडकलेला कोयता सोडवायचा तो पाचरीने. पेरूच्या किंवा सुरूच्या सुक्या लाकडाच्या तीन-चार पाचरी आधीच करून ठोकळ्याशी ठेवा, १५ सेंमी लांब, बुडाला ३ सेंमी जाड, टोकाला सुरीच्या पात्याएवढ्या. चीर जिथे उघडी दिसते तिथे पाचर घालून ठोका. चीर रुंदावली की पातं आपसूक सुटतं. मूठ धरून डावी-उजवीकडे हिसडे देऊ नका. पातं मुठीत जिथे शिरतं तिथेच ते सगळ्यात बारीक असतं आणि तिथेच तुटतं. पाचर जवळ नसेल तर अडकलेल्या कोयत्यासकट लाकूड उलटं करा, कोयत्याची पाठ ठोकळ्यावर टेकू द्या आणि लाकडाच्या वर आलेल्या बुडावर सोट्याने ठोका. लाकूड स्वतःच्या वजनाने पात्यावर उतरतं. मात्र असं करताना मूठ ठोकळ्याबाहेर मोकळी असावी.

आता तो अडकला का, तेही बघा. बहुतेक वेळा कारण ओलं, तंतू धरणारं लाकूड किंवा गाठ हेच असतं. धार बोथट असली तरी पातं रुतून बसतं, कारण ते तंतू बाजूला सारण्याऐवजी चेपत जातं.

प्रश्न (वेंगुर्ले): आमच्या बागेत सुरू, काजू, आंब्याच्या छाटलेल्या फांद्या, कुंपणाचा ग्लिरिसिडिया आणि पडलेला एक माड, एवढं आहे. यातलं काय काय कोयत्याने फोडावं?

उत्तर: ग्लिरिसिडियापासून सुरुवात करा. कुंपणाच्या फांद्या ५ ते ८ सेंमीच्या, बऱ्याचशा सरळ असतात आणि कोयत्यासाठी त्यांच्याएवढं सोयीचं जळण दुसरं नाही. छाटल्यावर लगेच तुकडे करून फोडा.

सुरूबाबत घाई करा. ओला असेपर्यंत तो कोयत्याला दाद देतो. उन्हात कडकडीत वाळला की त्यात धार शिरतच नाही, आणि शिरली तरी कोयता अडकतो. तोडल्यापासून आठवड्या-दोन आठवड्यांत जे फोडून होईल ते खरं. मेहनतीचं चीज होतं, कारण सुरूचा निखारा जड असतो आणि बराच वेळ टिकतो. आकेशियाचंही तसंच.

आंब्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. चीर पडते, पण दोन फाळके दोऱ्यांनी धरून ठेवल्यासारखे चिकटून राहतात. ते तोडायला कोयता आडवा फिरवावा लागतो. आंबा भराभर जळतो आणि पावसात लवकर कुजतो, म्हणून तो आधी संपवायच्या राशीत टाका. काजूच्या फांद्या वेड्यावाकड्या असतात, त्यातले सरळ तुकडे तेवढे निवडा आणि सालीचा चीक अंगाला लागू देऊ नका.

माडाच्या खोडाच्या वाटेला कोयता घेऊन जाऊच नका. माडाला इतर झाडांसारखी वर्तुळं नसतात. सालीकडचा भाग कठीण तंतूंचा, आतला भुसभुशीत, आणि चीर कुठेच सरळ जात नाही. त्याचे करवतीने तुकडे करा. पोफळ मात्र उभी छान फाटते, दोन पाचरींत टोकापासून टोकापर्यंत.

बांबू जाळणार असाल तर प्रत्येक कांडं फोडलेलं असलं पाहिजे. बंद पेरातली हवा आणि वाफ तापून कांडं फटाक्यासारखं फुटतं आणि निखारे अंगावर येतात. माणगा जातीचा बांबू खालच्या अंगाला जवळजवळ भरीव असतो, पण वरच्या कांड्यांना हे लागू आहेच.

काही झाडं जळणात आणायचीच नाहीत. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. शेराचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका आहे. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही नको आणि तिच्या काडीवर काही भाजणंही नको.

आणि एक, उभं झाड तोडण्याआधी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, साग, हिरडा, बिवळा अशी झाडं आहेत. जागा स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगी घ्यावी लागते. कांदळवनाच्या तर काडीलाही हात लावू नका.

प्रश्न (मालवण): किनाऱ्याला लागलेले ओंडके फोडून वापरले तर?

उत्तर: टाळा. त्यांच्या भेगांत वाळू घट्ट बसलेली असते आणि पहिल्या दोन ठोक्यांतच धारेला दात पडतात. आत मुरलेल्या मिठाने पातं गंजतं. जाळताना त्या मिठामुळे चुलीचं लोखंड आणि भांडीही खराब होतात, धूरही बरा नसतो.

प्रश्न (राजापूर, सध्या मुंबई): गणपतीला चार दिवस आधी गावी पोचतो. घर बंद असतं, पडवीतली लाकडं दमट असतात आणि चूल पेटता पेटत नाही. रॉकेल ओतायचं नाही. काय करावं?

उत्तर: तुमची लाकडं जितकी भिजलेली वाटतात तितकी नसतात. मे महिन्यात एकदा वाळलेलं लाकूड पावसाळी हवेत वरून दमट होतं, पण आत ओलावा साधारण १८-२० टक्क्यांवर थांबतो, आणि एवढ्या ओलाव्याचं लाकूड पेटतं. अडचण साल आणि बाहेरचा अर्धा-पाऊण सेंमी थर यांचीच असते. मनगटाएवढी चार-पाच लाकडं निवडा, कोयत्याने चौथाई करा, म्हणजे दोनदा फोडा. मग प्रत्येक चौथाईची साल आणि बाहेरची कड काढून बाजूला ठेवा. हातात उरेल तो कोरडा गाभा. त्यातल्या दोन फाळक्यांच्या पुन्हा करंगळीएवढ्या काड्या करा. एवढ्या बारीक कामाला सोटा हलका चालवा, कोयत्याचं वजन आणि टिचक्या पुरतात.

एका काडीवर धार तिरकी धरून पातळ साली काढत न्या, पण टोकाला तोडू नका. काडीला कुरळ्या दाढीसारखा गुच्छ लागतो. असे चार-पाच गुच्छ, खाली नारळाची कोरडी किशी किंवा सोडणाचा आतला भाग, वर बारीक काड्या, त्यावर करवंटीचे दोन तुकडे. करवंटीला तेलकटपणा असतो, ती जाळ धरून ठेवते. गाभ्याचे फाळके सगळ्यात शेवटी. काढलेली ओली साल आणि कडा चुलीच्या वैलाजवळ मांडून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच कामाला येतात.

पुढच्या वर्षासाठी लाकडं मार्च-एप्रिलमध्येच फोडून ठेवायची सोय करा. ताज्या तोडलेल्या बऱ्याच लाकडांत ४० ते ५० टक्के वजन पाण्याचं असतं आणि साल शाबूत असली तर ते बाहेर पडायला वाट नसते. ४-५ सेंमीचे फाळके केले तर उन्हाळ्याच्या दीड-दोन महिन्यांत वाळतात. वाळलं का ते असं पाहा: एका फाळक्यावर खडूने खूण करा आणि दर आठवड्याला तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. दोन आठवडे वजन उतरलं नाही म्हणजे झालं. रचताना खाली दोन चिऱ्यांवर वासे टाका, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासून चार बोटं अंतर राहू द्या. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूला झाप लावा. ताडपत्री वरून घाला, पण जमिनीपर्यंत गुंडाळू नका. आतली वाफ कोंडली की बुरशी येते.

प्रश्न (अलिबाग): पोपटीला कसली लाकडं घ्यावीत?

उत्तर: बारीक. पोपटीत, म्हणजे मडक्यात शेंगा भाजताना, मडकं उपडं ठेवून भोवती अर्धा-पाऊण तास सगळीकडून सारखा जाळ हवा असतो, निखारा नव्हे. जाड लाकूड एका बाजूला धुमसत बसतं, तिकडच्या शेंगा करपतात आणि दुसरीकडच्या कच्च्या राहतात. अंगठ्याएवढे फोडलेले आंब्याचे आणि ग्लिरिसिडियाचे फाळके, मध्ये पेंढा आणि माडाची सुकी चुडतं. जाड लाकूडच असेल तर ते आदल्या दिवशी फोडून ठेवा, अंधारात कोयता हातात घेऊ नका.

प्रश्न (संगमेश्वर): राशीत विंचू फार निघतात. फुरसंही एकदा निघालं. काय काळजी घ्यावी?

उत्तर: सालीखालची सुटलेली पोकळी ही विंचवाची आवडती जागा. लाकूड राशीतून हाताने ओढू नका. कोयत्याच्या चोचीने किंवा काठीच्या आकड्याने आधी बाहेर घ्या, ठोकळ्यावर दोनदा आपटा, मगच हात लावा. फुरसं जांभ्याच्या कातळावर आणि गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, फटींत असतं, आकाराने लहान आणि मातकट रंगाचं, सहज नजर चुकवतं. म्हणून रास गडग्याला टेकून रचू नये. पायात बूट हवेत, रबरी चपला चालणार नाहीत.

लाल विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांच्या कामामुळे विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध रूढ झालं आणि त्याने जीव वाचतात, पण ते वेळेत मिळायला हवं. फुरशाच्या दंशावर जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हातपाय हलू न देता रुग्णाला प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या.

प्रश्न (लांजा): मुंबईहून येताना नवा कोयता गाडीतून आणला तर अडचण येईल का?

उत्तर: १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांवर बंधन आहे, पण घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेल्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. तरीही पोलिसांचे जमावबंदीचे किंवा हत्यारबंदीचे आदेश कुठे ना कुठे लागू असतात. पातं गोणपाटात गुंडाळून, बांधून, डिकीत ठेवा आणि पावती जवळ असू द्या. खरं तर कोयता गावच्या लोहाराकडूनच घ्या. तो लाकूड पाहून पाठ ठेवतो, आणि पुढे पाणी द्यायला, म्हणजे पातं तापवून-विझवून कडक करायला, मूठ बदलायलाही तोच असतो.

प्रश्न (चिपळूण): ग्राइंडरवर धार लावून घेतली. तेव्हापासून धार दोन दिवसही टिकत नाही. पात्याच्या कडेला निळसर पट्टा आलाय. आणि मूठही हलते आहे.

उत्तर: तो निळा पट्टाच कारण आहे. पोलाद कोरड्या चाकावर तापत गेलं की आधी पिवळसर, मग तपकिरी आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं होतं. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तो मऊ पडला. पट्टा अरुंद असेल तर कानशीने निळा भाग संपेपर्यंत धार मागे घ्या, खालचं पोलाद अजून कडक असेल. रुंद असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्या. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेला कोयता असेल तर तो पुन्हा पाणी घेतो.

पुढे धार घरीच लावा. कोयता फळीवर आवळून ठेवा, धार बाहेरच्या बाजूला. ८ किंवा १० इंची सपाट कानस फक्त पुढे ढकलताना दाबा, मागे घेताना उचला. दोन्ही बाजू मिळून ३० अंशांचा कोन ठेवा. गवत कापायच्या विळ्यासारखी बारीक धार केली तर पहिल्याच गाठीला ती वळेल. बाकाच्या आतल्या भागात सपाट कानस पोचत नाही, तिथे अर्धगोल कानस किंवा काठीला गुंडाळलेला पॉलिश पेपर चालवा. शेवटी पाणी मारून निसण्यावर दोन्ही बाजूंनी सात-आठ हात फिरवा. बोट धारेवर चालवून पाहू नका. नखावर धार हलकेच टेकवा: घसरली तर बोथट, रुतली तर तयार.

काम झाल्यावर चीक पुसा. फणसाचा असेल तर खोबरेल लावलेल्या फडक्याने निघतो. मग पातं कोरडं करून मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस गंज धरतो, आणि सगळ्यात आधी तो मुठीच्या तोंडाशी धरतो, जिथे फडकं पोचत नाही.

मूठ हलते त्याचंही कारण बहुधा तिथेच आहे. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि मुठीत शिरलेल्या पात्याच्या शेपटीभोवती जागा पडते. पाण्यात भिजवून ठेवली तर दोन दिवस घट्ट वाटेल आणि मग आणखी सैल होईल, शिवाय आत गंज वाढेल. मूठ काढा, शेपटी पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा, भोकात लाखेचा चुरा भरा. पात्यावर ओलं फडकं गुंडाळा म्हणजे धारेचं पाणी उतरणार नाही, मग फक्त शेपटी तापवून आत दाबा. लाख वितळून कडेने बाहेर येईल, ती निवेपर्यंत पातं हलवू नका. शेंबी सैल असेल तर आधी ती बदला. शेपटी मुठीच्या पार बुडापर्यंत गेलेली असेल तर बुडाशी वायसर घालून तिचं टोक ठोकून फुलवा. शेपटी अर्ध्यावरच संपत असेल तर तो कोयता गवत-कवळाला ठेवा आणि लाकडं फोडायला दुसरा करून घ्या.